दोन सह्यांची फटफटी

कुठलंही इंजिन खोलून परत जोडलं की एखादा नट उरतोच. तो खिशात जातो, खिशातून ड्रॉवरमध्ये, आणि वर्षभरानं ड्रॉवर उघडला की वीस-पंचवीस नट तुमच्याकडे बघत बसलेले असतात. किश्शांचंही तसंच होतं. आमच्या गॅरेजातले किस्से मी कधी जमवले नाहीत. ते उरले.

आमचं गॅरेज म्हणजे सुहासदादाचं, ॲरिझोनातल्या चँडलर गावच्या घराचं. दोन गाड्यांची जागा, पण चार वर्षं तिथं एकही कार उभी राहिली नाही. मधोमध एक जुनी फटफटी असायची, तीसुद्धा बहुतेक वेळा खोलून सुटी केलेली.

दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत इंजिनियर. मी दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितानं उठवलं. मग मिरजेत एका गॅरेजात लागलो. अमेरिकेतल्या आत्यानं फार पूर्वी केलेली ग्रीन कार्डाची फाईल पास झाली तेव्हा आई-बाबांबरोबर मीही अमेरिकेत आलो. आई-बाबा आठ महिन्यांत कंटाळून परत गेले. मी इथंच एका टायरच्या दुकानात लागलो आणि शनिवार-रविवार दादाच्या गॅरेजात.

मार्चमध्ये दादा गेला. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, कारमध्ये बसल्या बसल्या. सीटबेल्टही लावलेला होता. मला अजून त्यापुढचं काही नीट लिहिता येत नाही, म्हणून किस्से सांगतो.

*

गाडी आणली तो दिवस.

दादानं वहिनीला फोन करून सांगितलं, "केतकी, सरप्राइज आहे, बाहेर ये." वहिनी केस विंचरून बाहेर आली. ड्राइव्हवेमध्ये आमची भाड्याची पिकअप उभी. मागे एक गंजकी फ्रेम, दोन चाकं, आणि सात खोकी.

"मोटारसायकल!" दादा म्हणाला. "माझ्याहून वयानं मोठी आहे. एका शेडमध्ये तीस वर्षं पडून होती."

वहिनीनं खोक्यांमध्ये डोकावून बघितलं. हेडलाइटच्या वाटीत एक विंचू आरामात बसला होता. ॲरिझोनात विंचवाचं कौतुक नाही, पण हा जरा जास्तच घरच्यासारखा बसला होता.

वहिनी म्हणाली, "मालक आत आहेत. त्यांना विचारून आणलीस ना?"

*

दादाच्या फॅक्टरीत एक नियम होता. कुठलंही काम दोन सह्यांशिवाय पूर्ण धरायचं नाही. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. हा नियम दादानं घरी आणला.

प्रत्येक कामाचं एक कार्ड. वर कामाचं नाव, खाली 'करणार', त्याखाली 'तपासलं', आणि तारीख. सगळं मराठीत, माझ्यासाठी. मी करायचं, दादानं तपासायचं. दोन सह्या झाल्याशिवाय पुढचं कार्ड उचलायचं नाही. कार्डांचा गठ्ठा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, पालथा.

एकदा मी मागचं चाक बसवत होतो आणि दादा मिनिटभर बाथरूमला गेला. परत येईपर्यंत मी नट आवळून टाकला होता.

"सोड," दादा म्हणाला.

"अरे, आवळला ना व्यवस्थित!"

"मी बघितलं नाही. सोड, परत आवळ."

मग तो आणि वहिनी तीन आठवडे पुण्याला जाणार होते. मी म्हटलं, दहा कार्डांवर सह्या करून जा, माझं काम अडायला नको. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याच्या चेकबुकवर सही मागितली.

"न बघता तपासलं म्हणून सही करायची? बाळ्या, त्यापेक्षा गाडी गंजलेली बरी."

तीन आठवडे गाडी तशीच राहिली. ते परत आले त्याच रात्री फ्रीजवर एक कार्ड लागलं. वहिनीच्या अक्षरात. 'काम : रात्रीची भांडी. करणार : सुहास. तपासलं :' आणि पुढं रिकामी जागा.

दादानं भांडी घासली. वहिनीनं कढई उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "सोड. परत घास."

*

वॉशर लहान-मोठे असतात, हरवतात. दादाला वहिनीचा जुना मिसळणाचा डबा सापडला. गोल, स्टीलचा, आत सात वाट्या. त्याला वाटलं, देवानंच वॉशरसाठी बनवलाय. फक्त तो डबा जुना आहे की चालू, हे त्यानं तपासलं नाही. सही नसेल घेतली!

रविवारी प्रसाद जेवायला होता. प्रसाद दादाच्या ऑफिसातला, नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. आयुष्यात पाना हातात धरलेला नाही, पण दर शनिवारी गॅरेजात खुर्ची टाकून बसायचा आणि आम्हाला फोनवरून माहिती वाचून दाखवायचा.

आमटीचा दुसरा घास घेतला आणि त्याच्या दाताखाली कट्ट झालं. त्यानं तोंडातून एक वॉशर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

"काही नाही वहिनी," प्रसाद म्हणाला, "आमटी मस्त झालीय. जरा टाईट आहे."

दादानं वॉशर उचलला, शर्टाला पुसला, खिडकीकडे धरून बघितला.

"सापडला! कालपासून शोधून राहिलोय!"

प्रसादची भाषा एव्हाना त्याला लागली होती.

*

बेअरिंग बसवायची एक रीत आहे. इंजिनचं कव्हर ओव्हनमध्ये तापवायचं, बेअरिंग फ्रीझरमध्ये गार करायचं. मग ते न ठोकता अलगद आत बसतं. दादानं बेअरिंग फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी ठेवलं आणि कव्हर ओव्हनमध्ये.

त्याच वेळी वहिनीच्या मंडळातल्या बायका गणपतीच्या मीटिंगला आल्या. सगळ्या जाणत्या. कुठला पदार्थ किती वेळ भाजायचा हे वासावरून ओळखणाऱ्या. त्यातल्या एक काकू ओव्हनजवळ गेल्या, काचेतून आत बघितलं, पण उजेड कमी होता.

"सुहास, काय बेक करतोयस?"

"क्रँककेस, काकू."

काकूंनी मान हलवली. जरा विचार केला.

"एगलेस आहे ना?"

*

शेजारचा डेल सत्तरीचा, रिटायर्ड वेल्डर. मोडलेलं काहीही जोडून द्यायचा आणि बदल्यात चहा प्यायचा, आलं घातलेला. पहिल्या वर्षी खंडेनवमीला त्यानं बघितलं, दादानं सगळे पाने पाटावर मांडलेत, हळदकुंकू लावलंय, झेंडूची फुलं ठेवलीत.

"हे काय?"

दादानं समजावलं की वर्षभर ही हत्यारं आपल्यासाठी राबतात, म्हणून आज त्यांची पूजा. आज त्यांना सुट्टी. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

डेलला हे इतकं पटलं की तो घरी गेला आणि त्याच्या बापाचा एक मोठा पाना घेऊन आला. "यानं कधी सुट्टी घेतलेली नाही," म्हणाला.

पुढच्या वर्षी तो अख्खी टूलबॉक्स ढकलत घेऊन आला. एक एक पाना साबणानं धुतलेला. वहिनीनं सगळ्यांना कुंकू लावलं. डेल टोपी काढून उभा.

दुपारी त्याच्या घरातला वॉटर हीटर गळायला लागला. डेल आला, दारात उभा राहिला, पाटाकडे बघितलं.

"सुहास, आता सुटले का?"

"उद्या."

त्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माणूस बादल्या बदलत बसला. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला म्हणे, "त्यांची सुट्टी आहे."

*

आता तो किस्सा, जो मी गॅरेजात कुणाला सांगितला नाही, कारण तो सगळ्यांना माहीत आहे.

फेब्रुवारीतला शनिवार. इंजिन फ्रेमवर चढलं होतं. गाडी पहिल्यांदाच गाडीसारखी दिसत होती. पहिली किक दादाची, हे ठरलेलं होतं. त्यासाठी त्यानं एक इस्त्रीचा शर्टही बाजूला काढला होता. चार वर्षं तो त्या किकबद्दल असा बोलायचा जसं कुणी मुलीच्या लग्नाबद्दल बोलतं.

त्याला आईचा फोन आला आणि तो आत गेला. मी गाडीकडे बघत बसलो. पेट्रोल होतं. बॅटरी होती. डब्यात अजून चार कार्डं होती, पण मला वाटलं, चार कार्डांत काय असणार? आरसा, हॉर्न असलं काहीतरी.

मी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली! असा आवाज, असा आवाज की काय सांगू! मी ओरडलो. दादा आतून धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो आनंद मी बघितला, आणि मग इंजिन कर्रर्र करून जाम झालं.

पुढचंच कार्ड होतं, 'ऑइल भर.'

"अकरा सेकंद चालली," दादा म्हणाला. त्यानं आतून मोजले होते. मग म्हणाला, "माझी किक होती रे, बाळ्या."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी सॉरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "घाल चुलीत तुझी गाडी आणि तुझी कार्डं!" आणि पाना फेकून निघून गेलो.

तीन आठवडे मी गेलो नाही. वहिनी फोन करायची, मी उचलायचो नाही. दादानं फोन केला नाही, मीही केला नाही. मला वाटायचं, पुढच्या शनिवारी जाऊ. तीन शनिवार असंच वाटलं. चौथा शनिवार आलाच नाही.

*

दादाचे दिवस झाल्यावर वहिनीनं मला गॅरेजात नेलं. इंजिन पुन्हा पूर्ण खोललेलं. त्या तीन आठवड्यांत दादानं एकट्यानं खोललं होतं. नवा पिस्टन आणून ठेवलेला. प्रत्येक नट पिशवीत, आणि श्रीखंडाच्या डब्यात कार्डांचा नवा गठ्ठा. पालथा. सगळी पहिल्यापासून लिहिलेली.

वहिनी म्हणाली, "दसरा झाला की मी पार दुसऱ्या टोकाला, एडिसनला, माझ्या ताईकडे जातेय. कायमची. घर विकलंय. ही गाडी सुट्या भागांसाठी न्यायला एक माणूस दसऱ्याच्या सकाळी अकराला ट्रेलर घेऊन येणार आहे. तोपर्यंत सुरू झाली तर तुझी. नाहीतर तो नेईल. मला हे अर्धवट बघवत नाही, बाळ्या."

मी म्हटलं, जोडतो. एकेक कार्ड, दोन सह्या, पुढचं बघणार नाही.

"तू? आणि थांबणार?" वहिनी म्हणाली.

थांबलो. सात महिने एकदाही गठ्ठा उलटून बघितला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या रांगेत उभा राहिलो.

*

प्रश्न होता दुसऱ्या सहीचा. वहिनी म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं? मी न बघता सही करणार नाही." घरचा नियम तिलाही लागला होता. डेलला कार्डावरचं मराठी वाचता येईना, मग प्रसादला धरलं.

प्रसाद घाबरला. "अबे, मले पाना आणि चिमटा सारखाच दिसते!"

"ऑफिसात दुसऱ्याचं काम तपासतोस ना? तसं बघ."

त्यानं मनावर घेतलं. चष्मा पुसला, गुडघ्यावर बसला, फोनवरचं चित्र आणि इंजिन असं आलटून पालटून बघितलं. आणि पहिल्याच कार्डावर सहीच्या पुढं लिहिलं, 'अप्रूव्ह्ड. पण तिसरा नट उलटा वाटून राहिला.'

मी हसलो. डेल हसला. मग डेल वाकला, आणि हसायचा थांबला.

तिसरा नट उलटा होता.

त्या दिवसापासून डेल प्रसादला 'बॉस' म्हणतो.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तीन कार्डं उरली होती. मी दुकानातून सुट्टी घेऊन सकाळी सातला हजर. दिवसभर हातात. आरामात होणार होतं.

आठ वाजता गडगड आवाज आला. डेल टूलबॉक्स ढकलत येत होता. सगळे पाने साबणानं धुतलेले. टोपी हातात.

मी विसरलो होतो. खंडेनवमी. शिवाय या वर्षी आमच्याकडे सण नव्हताच. दादाला जाऊन वर्ष झालं नव्हतं, पाट मांडायचाच नव्हता. हे डेलला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती.

वहिनी दारात आली. तिनं त्या चकचकीत पान्यांकडे बघितलं. मी डेलला कसं सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात ती आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. पाट नव्हता, तो पॅक झाला होता. एका खोक्यावर पाने मांडले. तिनं एकेकाला कुंकू लावलं. डेलच्या बापाच्या पान्याला, दादाच्या पान्याला, मी फेकला होता त्यालाही.

"झालं," वहिनी म्हणाली.

मी दादाच्या पान्याला हात घातला. तीन कार्डं होती ना!

डेलनं माझं मनगट धरलं.

"उद्या," तो म्हणाला.

*

दसऱ्याची सकाळ. सहाला सुरुवात. पहिलं कार्ड, क्लचची केबल. माझी सही, प्रसादची सही. साडेआठ झाले, कारण केबल दोनदा सोडून परत लावायला लागली.

दुसरं कार्ड उचललं. 'ऑइल भर.' खाली दोन रेघा. त्याखाली, 'भरलंस? पुन्हा बघ.' त्याखाली, 'मी सांगतोय म्हणून पुन्हा बघ.'

प्रसाद हसायला लागला आणि मग चष्मा पुसायला लागला. आम्ही चौघांनी चार वेळा ऑइल बघितलं. वहिनीनंसुद्धा. त्या कार्डावर चार सह्या आहेत.

पावणेअकराला ट्रेलरवाला आला. भला माणूस होता. म्हणाला, तुमचं चालू द्या, मी थांबतो. आणि ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर लावून उभा राहिला.

डब्यात एकच कार्ड उरलं होतं. मी उलटलं.

'काम : पहिली किक.
करणार : बाळ्या.
तपासलं : '

आणि त्यापुढं दादाची सही. पूर्ण, शेवटच्या रेघेसकट.

वहिनीनं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि तारखेवर बोट ठेवलं. मी पाना फेकून निघून गेलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख.

मी पँटला हात पुसले आणि गाडीवर बसलो. किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी. काही नाही. सहाव्या किकला मला धाप लागली. ट्रेलरवाल्यानं घड्याळात बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. आठवी. नववी. प्रसाद पुटपुटत सगळी जुनी कार्डं चाळायला लागला.

डेल वाकला. टाकीखाली बघितलं. सरळ झाला आणि माझ्याकडे न बघता वहिनीकडे बघून म्हणाला, "पेट्रोलचा कॉक बंद आहे."

प्रसादनं पुन्हा सगळी कार्डं बघितली. कॉक उघडायचं एकाही कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

वहिनीनं हातातल्या कार्डाकडे बघितलं. त्या सहीकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता ती रडणार.

"तपासलं म्हणे!" वहिनी म्हणाली, आणि अशी हसायला लागली की तिला टाकीचा आधार घ्यावा लागला. मार्चपासून पहिल्यांदा. हसता हसताच ती खाली वाकली आणि तिनं कॉक उघडला.

मी किक मारली.

ट्रेलरवाल्यानं टोपीला हात लावला, आपल्या गाडीत बसला, आणि आम्हाला बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून ट्रेलर ड्राइव्हवेमधून मागे घ्यायला लागला.